'प्रिव्हेंट'च्या मागे 'फ्रॉम' लागतं का? एक भांडण सोडवा

तिसरी_पाळी

मंडळी, इंग्रजी हा माझा प्रांत नाही. मी भोसरीत एका कारखान्यात सेफ्टीचं काम बघतो आणि इंग्रजी पोटापुरतं लिहितो.

गेल्या महिन्यात फोर्कलिफ्टच्या पट्ट्यात एक कंत्राटी कामगार हेल्मेट न घालता घुसत होता. वॉचमननं त्याला दारात अडवलं. कुणाला खरचटलंही नाही, पण 'थोडक्यात टळलं' अशा गोष्टींचाही रिपोर्ट करावा लागतो. तो दोन ठिकाणी जातो, एक इंग्लंडच्या गिऱ्हाइकाकडे आणि एक अमेरिकेतल्या मुख्य ऑफिसात. मी लिहिलं: 'द गार्ड प्रिव्हेंटेड द वर्कर टू एंटर.'

इंग्लंडच्या साहेबानं 'टू एंटर' खोडून नुसतं 'एंटरिंग' केलं. तेच मी निमूटपणे अमेरिकेला धाडलं, तर तिथल्या बाईंनी मधे लाल रंगात 'फ्रॉम' घालून परत पाठवलं. दोघांचं एकमत फक्त एका गोष्टीवर, की माझं चुकलं.

दुसरं लफडं गेटवरच्या पाटीचं. मराठी मजकूर सरळ होता, 'अपघात होऊ नयेत म्हणून हेल्मेट घाला.' त्याखाली इंग्रजी मी केलं: 'वेअर हेल्मेट टू प्रिव्हेंट अ‍ॅक्सिडेंट्स फ्रॉम नॉट हॅपनिंग.' पेंटरनं पेन्सिलीनं अक्षरं आखून झाली होती. आमच्याकडे शिकाऊ म्हणून आलेली डिप्लोमाची पोरगी मागे उभी राहून वाचत होती. म्हणाली, "सर, याचा अर्थ अपघात झालेच पाहिजेत असा होतोय."

तर प्रश्न दोन. साहेब बरोबर की बाई? आणि हे 'टू' नि 'नॉट' माझ्या हातून दर वेळी का पडतात?

काळा_फळा

साहेबही बरोबर आणि बाईही. ब्रिटिश लोक 'प्रिव्हेंट हिम गोइंग' सर्रास लिहितात, अमेरिकन माणसाला ते लंगडं वाटतं, त्याला 'प्रिव्हेंट हिम फ्रॉम गोइंग' हवं. 'फ्रॉम' घातलेलं दोन्हीकडे चालतं, म्हणून शंका असली की घालून मोकळं व्हावं. तुमचं 'टू' मात्र कुठल्याच किनाऱ्यावर चालत नाही.

एक बारकावा आहे. वाक्य कर्मणी केलं की साहेबालाही 'फ्रॉम' सोडता येत नाही. 'द वर्कर वॉज प्रिव्हेंटेड फ्रॉम एंटरिंग' असंच होणार.

'स्टॉप'चंही तसंच, 'स्टॉप हिम गोइंग' आणि 'स्टॉप हिम फ्रॉम गोइंग' दोन्ही ठीक. पण 'कीप'च्या वाटेला जाताना जपून. तिथे 'फ्रॉम' गाळलंत तर अर्थ उलटा होतो. 'ही केप्ट मी फ्रॉम वेटिंग' म्हणजे त्यानं मला ताटकळू दिलं नाही. 'ही केप्ट मी वेटिंग' म्हणजे ताटकळतच ठेवलं! मी वर्गात हे फळ्यावर एकाखाली एक लिहायचे. मग पुढची पाच मिनिटं वर्गात शांतता असायची.

आंबेडाळ

आमच्या गॅसवाल्यासाठी दुसरं वाक्य पाठ करून ठेवते.

दोन्ही_तीर

धागाकर्त्याचा दुसरा प्रश्न जास्त मजेचा आहे, आणि त्याचं उत्तर इंग्रजीत शोधून सापडायचं नाही, ते आपल्याच घरात आहे. वीस वर्षं दोन्ही बाजूंनी भाषांतरं करतेय, हे दोन दगड मलाही रोज ठेचाळतात.

आधी 'टू' घ्या. आपल्या सरकारी पाट्या आठवा. 'थुंकण्यास सक्त मनाई आहे.' 'प्रवेश करण्यास बंदी.' 'छायाचित्रे काढण्यास मज्जाव.' हा जो '-ण्यास' आहे तो चतुर्थीचा. शाळेत आपण 'रामास पुस्तक दिले' याचं 'टू राम' केलं, 'खाण्यास दिले' याचं 'टू ईट' केलं. मग 'जाण्यास अटकाव' याचं 'प्रिव्हेंट टू गो' होणारच. तुम्ही व्याकरण चुकलात असं नाही, मराठी व्याकरण चोख पाळलंत, फक्त दुसऱ्या भाषेत.

आता 'नॉट'. मराठीत अडवण्याचा हेतू सांगायचा तर नकार लागतोच. 'पडू नये म्हणून धरलं', 'दूध उतू जाऊ नये म्हणून गॅस बारीक केला', 'नजर लागू नये म्हणून तीट'. जे घडायला नको ते आपण नकारात गुंडाळूनच मांडतो. इंग्रजीत तो नकार 'प्रिव्हेंट'च्या पोटात आधीच गिळलेला असतो, वरून 'नॉट' घातलं की दोन नकार होतात आणि अपघाताला आमंत्रण जातं. तुमची पाटी नुसती 'टू प्रिव्हेंट अ‍ॅक्सिडेंट्स' एवढ्यावर थांबली असती तर पुरे होतं.

पण मला खरं वेगळंच म्हणायचंय. घरात बोलताना आपण यांतलं काहीच वापरत नाही. कोण म्हणतं 'पावसाने मला येण्यापासून रोखले'? आपण म्हणतो 'पावसानं येऊ दिलं नाही', किंवा त्याहून साधं, 'पावसामुळे येता आलं नाही'. अडवण्याचं आपलं खरं क्रियापद 'न देणं' हे आहे. आई बाहेर जाऊ देत नाही, डास झोपू देत नाहीत, कंबर वाकू देत नाही. आणि गंमत म्हणजे याचं शब्दशः इंग्रजी केलं तर ते उत्तम इंग्रजी होतं: 'द मॉस्किटोज वुडन्ट लेट मी स्लीप.' म्हणजे आतून मराठीत विचार केला की वाक्य बरोबर येतं, आणि सरकारी मराठीतून गेलं की आपटतं.

खुसपट

'जाण्यापासून रोखले' हे मराठी नाही म्हणता? रोज पेपरात असतं.

दोन्ही_तीर

पेपरात असतं म्हणूनच म्हणतेय. :) 'परावृत्त' शब्दाबरोबर 'पासून' शोभतं, तो शब्दच पाठ फिरवण्याचा आहे. पण 'पोलिसांनी आंदोलकांना पुढे जाण्यापासून रोखले' या वाक्यात मला इंग्रजी बातमी दिसते. गावातला माणूस सांगेल, 'पोलिसांनी पुढं जाऊ दिलं नाही.'

खुसपट

गावातला माणूस सांगेल, 'पोलिसांनी अडवलं.' पण ते राहू द्या, 'अडवलं'वर मी नंतर येतो, त्यात एक मेख आहे.

सीन_नदीकाठी

इथे आलियाँसमध्ये, म्हणजे फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थेत, फ्रेंच शिकतेय. दोन्ही_तीर, तुमचा तो फाजील नकार फ्रेंचमध्येही आहे! 'एंपेशे' म्हणजे अडवणं, त्यानंतर 'क' (आपलं 'की') लावून वाक्य जोडलं तर आत एक उगीचचा 'न' येतो, ज्याचा अर्थ 'नाही' होत नाही. आमच्या फ्रेंचच्या बाई म्हणाल्या, हा शोभेचा. मला तेव्हा पटलं नव्हतं. 'पडू नये म्हणून' वाचल्यावर आज पटलं.

तारीख_पे_तारीख

वकिली खात्यातून एक वाक्य. जुन्या भारतीय दंड संहितेचं (१८६०) कलम ३३९. तीन अडवाअडव्या एका दमात:

'हूएव्हर व्हॉलंटरिली ऑब्स्ट्रक्ट्स एनी पर्सन सो अ‍ॅज टू प्रिव्हेंट दॅट पर्सन फ्रॉम प्रोसीडिंग इन एनी डायरेक्शन इन विच दॅट पर्सन हॅज अ राइट टू प्रोसीड, इज सेड राँगफुली टू रिस्ट्रेन दॅट पर्सन.'

नीट बघा. 'ऑब्स्ट्रक्ट' ही कृती, म्हणजे तुम्ही आडवे उभे राहिलात. 'प्रिव्हेंट फ्रॉम' हा परिणाम, म्हणजे समोरच्याला जाता आलं नाही. आणि 'रिस्ट्रेन' हे कायद्यानं या दोन्हींना मिळून दिलेलं गुन्ह्याचं नाव. तिन्ही शब्दांचा अर्थ कोशात 'अडवणे' असाच सापडेल, पण इथे एकाच्या जागी दुसरा ठेवला तर कलम कोसळेल. नुसतं आडवं उभं राहून भागत नाही, समोरच्याचं जाणं खरोखर थांबावं लागतं. १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात हे कलम १२६ झालं, पण गाभा तोच आहे.

लगेच पुढचं कलम 'कन्फाइन'चं. त्यात एका दिशेला नव्हे, चारी बाजूंनी अडवलं जातं, ठरावीक हद्दीच्या बाहेर पाऊल टाकता येत नाही. रस्त्यात गाडी आडवी घातली तर 'रिस्ट्रेन', खोलीला बाहेरून कडी घातली तर 'कन्फाइन'.

पेपरात येतं ते 'सरकारी कामात अडथळा' म्हणजे जुनं ३५३, त्यात शब्द आहे 'डिटर'. लोकसेवकाला कर्तव्यापासून 'प्रिव्हेंट ऑर डिटर' करण्याच्या हेतूनं हल्ला किंवा बळाचा वापर. हात धरून थांबवलं तर 'प्रिव्हेंट', दहशत बसवून तो स्वतःच थांबला तर 'डिटर'. दोघांच्या मागे 'फ्रॉम' आहेच.

आणि दिवाणी कोर्टातला मनाई हुकूम. त्यात प्रतिवादी 'रिस्ट्रेन्ड फ्रॉम' असतो. माझ्याकडे एका सोसायटीची नोटीस आली होती, 'मेंबर्स शुड रिफ्रेन देअर चिल्ड्रन फ्रॉम प्लेइंग इन पार्किंग.' रिफ्रेन आपण स्वतःच व्हायचं असतं हो, दुसऱ्याला करता येत नाही! मुलांना करायचं ते रिस्ट्रेन. अर्थात पार्किंगमधल्या मुलांना कुठलंच क्रियापद लागू पडत नाही हा भाग वेगळा.

गल्ली_क्रिकेट

'ऑब्स्ट्रक्ट' आला आणि क्रिकेट नाही? 'ऑब्स्ट्रक्टिंग द फील्ड' ही बाद होण्याची एक तऱ्हा आहे. कसोटीत पहिला बळी लेन हटन, १९५१, ओव्हल, समोर दक्षिण आफ्रिका. चेंडू उंच उडाला, हटननं स्टम्पवर पडेल म्हणून पुन्हा बॅट मारली आणि यष्टिरक्षकाचा झेल हुकला. आपला मोहिंदर अमरनाथ १९८९ ला अहमदाबादला श्रीलंकेविरुद्ध एकदिवसीय सामन्यात असाच गेला, धावबाद होताना चेंडू लाथेनं बाजूला सारला. त्याआधी १९८६ ला मेलबर्नला तो चेंडू हातानं अडवून 'हँडल्ड द बॉल' झाला होताच. २०१७ च्या नियमांत हाताचा प्रकार या 'ऑब्स्ट्रक्टिंग'मध्येच विरघळवून टाकला.

वकीलसाहेबांच्या कलमात माणसाचं जाणं थांबावं लागतं. इथे तसं नाही. नियम म्हणतो की मुद्दाम अडथळा आणायचा 'प्रयत्न' पुरे, आणि तो शब्दांनी केला तरी चालतो. क्षेत्ररक्षक झेल घेताना फलंदाज 'सोड रे!' म्हणून ओरडला तर गेला. आमच्या गल्लीत हा नियम लावला असता तर सगळे शून्यावर बाद.

डोंबिवली_फास्ट_गेली

आणि मेगाब्लॉक? :(

डोंबिवली_फास्ट_गेली

मीच सांगतो. रेल्वेच्या भाषेत ब्लॉक म्हणजे अडवणं हा मूळ अर्थ थोडा बाजूला पडलाय. रूळाचा एक तुकडा म्हणजे ब्लॉक सेक्शन, आणि त्यात एका वेळी एकच गाडी. काम करायला तो तुकडा मागून घेतात म्हणून 'ब्लॉक घेतला'. म्हणजे रेल्वेच्या लेखी ते मागून घेणं, फलाटावर उभ्या असलेल्याच्या लेखी अडवणं. एकच शब्द, फक्त तुम्ही कुठे उभे आहात ते बघायचं.

धातु_साधित

धागा मस्त चाललाय, मी थोडी माती उकरतो. ही इंग्रजी क्रियापदं मुळातून बघितली तर प्रत्येकात एक वस्तू लपलेली आहे, आणि ती वस्तू आपल्याकडे शब्दशः सापडते.

'इम्पीड' बघा. लॅटिन 'पेस' म्हणजे पाय. इम्पीड म्हणजे पाय गुंतवणं. आपल्याकडे घोड्याच्या पायाला बांधायचा तो पायबंद! 'भ्रष्टाचाराला पायबंद घालणे' म्हणताना कुणाला घोडा दिसत नाही, पण तो आहे. त्याचा उलटा शब्द 'एक्स्पिडाइट', पाय मोकळे करणं. ऑफिसात 'प्लीज एक्स्पिडाइट' असा मेल आला की मला दावं सोडल्याचा भास होतो.

'थ्वार्ट' म्हणजे मुळात 'आडवा'. जुन्या नॉर्सवरून आलेला शब्द. आपलं 'आडवं येणं', मांजरासकट.

'बार' म्हणजे दाराच्या आतून घालायचा आडणा, अडसर. पूर्वी वाड्याच्या दाराला भिंतीत सरकणारा अडसर असे, आमच्या आजोळच्या दाराला होता, रात्री तो भिंतीतून ओढताना घर्रर्र आवाज यायचा आणि मग पाहुणा आत असो की बाहेर, सकाळपर्यंत हालचाल बंद.

'रिफ्रेन'मध्ये घोड्याचा लगाम आहे. म्हणूनच तो स्वतःच्या तोंडाला लावायचा असावा, वकीलसाहेब. 'स्टॉप' हा मुळात भोकात बोळा कोंबण्याचा शब्द, काथ्याचा किंवा तागाचा. बाटलीच्या बुचाला 'स्टॉपर' म्हणतात ते त्यामुळे. 'डिटर'मध्ये भीती आहे, आपला धाक. 'ऑब्स्ट्रक्ट'मध्ये बांधकाम आहे, वाटेत भिंत घालणं. 'हिंडर'चं नातं मागच्या बाजूशी, 'बिहाइंड'मधलं 'हाइंड' तेच. मागे खेचणं, मागे पाडणं.

आणि खुद्द 'प्रिव्हेंट' मुळात अडवतच नव्हतं! लॅटिनमध्ये 'आधी येणं' एवढाच अर्थ. १६११ च्या इंग्रजी बायबलात एक भक्त म्हणतो, 'आय प्रिव्हेंटेड द डॉनिंग ऑफ द मॉर्निंग.' त्यानं पहाट रोखली नव्हती, पहाटेच्या आधी उठला होता बिचारा. आधी पोचून वाट धरली की मागचा अडतो, तिथून अर्थ सरकला.

यावरून वापर लक्षात ठेवायला सोपा जातो. अडसर दाराला, म्हणून 'बार्ड फ्रॉम द क्लब'. पायबंद चालीला, म्हणून 'इम्पीड प्रोग्रेस'.

खुसपट

धातु_साधित, वाचायला बहार, पण शेवटचा परिच्छेद मान्य नाही. व्युत्पत्तीवरून शब्दयोगी अव्यय ठरत असतं तर आपण कशाला शिकलो असतो? 'थ्वार्ट'मध्ये आडवेपणा आहे, तरी 'थ्वार्टेड हिम फ्रॉम गोइंग' म्हणत नाहीत, 'थ्वार्टेड हिज प्लॅन्स' म्हणतात. 'फॉरबिड' तर अजूनच हट्टी. बहुतेक भावंडं 'फ्रॉम' मागतात, हा जुन्या वळणानं 'टू' मागतो, 'आय फॉरबिड यू टू गो'. हल्ली 'फ्रॉम'ही खपतं. अर्थानं त्याचा सख्खा भाऊ 'प्रोहिबिट', तो मात्र 'प्रोहिबिट टू गो' अजिबात खपवून घेत नाही. यात कुठली वस्तू लपली आहे सांगा.

धातु_साधित

हरलो. 'फॉरबिड'मध्ये 'बिड' आहे, म्हणजे आज्ञा, आणि आज्ञा 'टू' मागते, एवढंच बोलून काढता पाय घेतो.

काळा_फळा

काढता पाय कशाला, हेच बरोबर कारण वाटतं मला. तिसरी_पाळी, म्हणजे तुमच्या '-ण्यास'ला संपूर्ण इंग्रजीत एकच हक्काचं घर आहे, 'फॉरबिड'.

गोळ्या_तीनदा

मेडिकल स्टोअर चालवतो. काउंटरवर कंपन्यांचे बोर्ड येतात. एकावर होतं 'प्रिव्हेंट्स यू फ्रॉम कोल्ड'. मला कायम काहीतरी खुपायचं, पण काय ते कळत नव्हतं.

काळा_फळा

खुपायलाच हवं. 'प्रिव्हेंट'च्या पुढे नकोशी गोष्ट येते: 'प्रिव्हेंट्स कोल्ड'. माणूस पुढे ठेवायचा तर 'प्रोटेक्ट्स यू फ्रॉम कोल्ड'. किंवा माणसाला काही करू द्यायचं नसेल तर ती क्रिया सांगा, 'प्रिव्हेंट्स यू फ्रॉम कॅचिंग कोल्ड'. तुमच्या बोर्डावर औषध सर्दीऐवजी गिऱ्हाइकाला अडवतंय.

अजून एक, 'अव्हॉइड'. मुलं लिहायची 'अव्हॉइड देम फ्रॉम कमिंग'. इथे मराठी मदतीला येते. टाळतो ते आपण स्वतः, दुसऱ्याला टाळायला लावत नाही. 'टाळणे' बसत असेल तिथेच 'अव्हॉइड' बसवा, आणि पुढे सरळ '-इंग' लावा.

खाडी_पार

मस्कतहून. दोन्ही_तीर यांचं 'लेट' वाचून पासपोर्ट उघडला. तुम्हीही उघडा. राष्ट्रपतींच्या नावानं पहिल्याच पानावर विनंती आहे, की या माणसाला 'विदाउट लेट ऑर हिंडरन्स' जाऊ द्यावं. मला चौदा वर्षं वाटत होतं की 'लेट' म्हणजे उशीर, स्पेलिंग जुनं असेल! वर हिंदीत लिहिलंय 'बिना रोक-टोक'. मग हा 'लेट' म्हणजे रोक?

धातु_साधित

परत आलो. होय, रोकच. इंग्रजीत दोन वेगळे 'लेट' होते. एक 'देणं, होऊ देणं', दुसरा 'अडवणं'. उच्चार घासत घासत एक झाले. दोन विरुद्ध अर्थांचे शब्द एकाच आवाजात किती दिवस नांदणार? अडवणारा मेला. शेक्सपिअरच्या वेळी धुगधुगी होती, हॅम्लेट बापाच्या भुताच्या मागे जाताना मित्रांना दरडावतो, 'आय्ल मेक अ घोस्ट ऑफ हिम दॅट लेट्स मी!' जो मला 'लेट' करेल, म्हणजे अडवेल, त्याचंच भूत करीन. आजचा पोरगा वाचेल तर त्याला वाटेल जाऊ देणाऱ्यालाच मारतोय.

आता तो 'लेट' फक्त पासपोर्टात आणि टेनिसच्या कोर्टावर उरलाय. सर्व्हिस नेटला घासून आत पडली की पंच ओरडतो तो हाच, असं बहुतेक कोशकार मानतात.

आंबेडाळ

म्हणजे 'लेट मी गो' म्हणावं की नाही आता?

खाडी_पार

इमिग्रेशनला तरी म्हणू नका, नुसता पासपोर्ट दाखवा.

तारीख_पे_तारीख

अवांतर: आपणही इंग्रजीला एक अडवण्याचं क्रियापद दिलंय. 'घेराव'. १९६७ ला बंगालमधल्या कारखान्यांत व्यवस्थापकांना कोंडून ठेवायची लाट आली, कलकत्ता उच्च न्यायालयापर्यंत प्रकरण गेलं. तेव्हापासून इंग्रजी कोशांत तो शब्द आहे आणि आपले इंग्रजी पेपर त्याला बिनदिक्कत 'एड' लावतात, 'द मॅनेजर वॉज घेरावड'. मागे 'फ्रॉम' लागत नाही.

खुसपट

आता ती मेख. वर म्हणालो होतो.

मराठीत हे वाक्य बघा: 'मी त्याला अडवलं, पण तो गेलाच.' कुणाला खटकलं? नाही. आपण रोज बोलतो. 'आईनं कित्ती थांबवलं, तरी बाबा निघाले.' पाहुण्याला तर आपण दारात पाच वेळा थांबवतो आणि तो पाचही वेळा जातो.

आता हेच इंग्रजीत करा: 'आय स्टॉप्ड हिम बट ही वेंट.' वाचणारा चक्रावतो. थांबवलं ना? मग गेला कसा? इंग्रजी 'स्टॉप', 'प्रिव्हेंट', 'कीप फ्रॉम' यांत गोष्ट घडली नाही हे पक्कं असतं. मराठी 'अडवणं' म्हणजे हात आडवा केला, इतकंच. पुढे काय झालं ते 'अडवणं' सांगत नाही, त्यासाठी वेगळं वाक्य लागतं. 'जाऊ दिलं नाही' म्हटलं की मात्र पक्कं. म्हणून इंग्रजीत 'ट्राइड टू स्टॉप' असं दोन शब्दांनी म्हणावं लागतं.

मग इंग्रजीतली बाकीची मंडळी तीन ठिकाणी बसतात. 'हिंडर', 'हॅम्पर', 'इम्पीड' म्हणजे काम रखडलं, पण चालू आहे. 'पावसामुळे बचावकार्य हॅम्पर झालं' म्हणजे बंद पडलं असं नाही. 'फॉरबिड', 'प्रोहिबिट', 'बॅन' म्हणजे फक्त तोंडी किंवा कागदी, माणूस तरीही करू शकतो. थुंकण्यास मनाई आहे, त्याच पाटीवर पिचकारी आहे, दोन्ही खरं. 'डिस्करेज' केलं तरी तो करेल, 'डिस्युएड' केलं म्हणजे खरंच मन वळलं.

तेव्हा 'फ्रॉम' लागतं की नाही याच्या आधी विचारायचं, की बाबा, ती गोष्ट शेवटी झाली की नाही?

दोन्ही_तीर

दंडवत. मी वीस वर्षं 'अडवले'चं 'स्टॉप्ड' करत आले. किती माणसं मी कागदावर थांबवली असतील.

तारीख_पे_तारीख

हे साक्षीच्या भाषांतरात फार महाग पडू शकतं. साक्षीदार म्हणतो 'मी अडवलं', टंकलेखक लिहितो 'आय प्रिव्हेंटेड', आणि उलटतपासणीत वकील विचारतो, मग आरोपी आत कसा?

तिसरी_पाळी

मंडळी, सगळ्यांचे आभार. पाटी बदलली, आता 'वेअर हेल्मेट. प्रिव्हेंट अ‍ॅक्सिडेंट्स.' एवढीच आहे. पेंटर म्हणाला अक्षरं कमी झाली, पण पैसे ठरले तेवढेच.

रिपोर्टात दोन्ही प्रती वेगळ्या ठेवल्या. इंग्लंडच्या 'फ्रॉम'शिवाय, अमेरिकेच्या 'फ्रॉम'सकट.

पण खुसपट यांचं वाचून काल रात्री झोप नाही. सकाळी पाळी बदलताना वॉचमन मामांना गाठलं. मी विचारलं, "मामा, त्या दिवशी त्या पोराला अडवलं होतं ना तुम्ही?"

"हो साहेब. हात आडवा घातला, हेल्मेट आण म्हटलं."

"मग तो परत गेला?"

"कुठला. मागं वळला नि कँटीनच्या दारानं घुसला आत. फोर्कलिफ्टवाल्यानं शिव्या घातल्या त्याला."

"अहो, मग तेव्हाच सांगायचं ना!"

"तुम्ही विचारलंत अडवलं का. अडवलं होतं की."